वाचकांचे प्रश्न : गंगाळ कोणी उचलायचे?

प्रश्न : मी नवापूर तालुक्यातील एका गावात राहते. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना लकवा झाला आणि तेव्हापासून त्यांचे सगळे अंथरुणातच करावे लागते. यजमान ऊसतोडीसाठी अर्धे वर्ष गुजरातेत असतात, त्यामुळे रविवारच्या उपासनेलाही मला जाता येत नाही. मंडळीतील, म्हणजे आमच्या चर्चमधील, बहिणी सर्वांपुढे उभ्या राहून आपल्या सेवेच्या साक्षी देतात. माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नाही. कधी सासूबाई रागाने ताट लोटतात, तेव्हा माझेही मन कडू होते. अशी सेवा देवापुढे रुजू होते का?

उत्तर : ताई, प्रभूच्या नावाने सलाम. होते, आणि हे मी तुमचे मन राखण्यासाठी म्हणत नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात, धुळीच्या वाटेने आलेल्यांचे पाय धुण्याचे जे काम त्या काळी घरातल्या दासाकडे असे, ते करायला त्या रात्री शिष्यांपैकी कोणीही उठले नाही, तेव्हा त्यांच्या गुरूनेच, प्रभू येशूने, कंबरेला रुमाल बांधून गंगाळात पाणी ओतले. ज्यांचे पाय त्याने धुतले, ते काही तासांतच त्याला सोडून पळाले, आणि हे होणार हे ठाऊक असूनही त्याने एकाचेही पाय वगळले नाहीत. त्यामुळे लोटलेल्या ताटाने तुमची सेवा वाया जात नाही, आणि थकलेल्या मनात राग आला म्हणून ती बाटतही नाही.

दर दोन तासांनी कूस बदलून देणे, पाठीची कातडी सोलली जाऊ नये म्हणून ओली चादर न ओढता हळूच गुंडाळत काढणे, मे महिन्यातल्या आपल्या खानदेशी उन्हात त्यांना टेकून बसवून चमच्याचमच्याने पाणी पाजणे, हे ज्याने केले आहे त्यालाच त्यातले कष्ट कळतात. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात ज्या नीतिमानांनी तहानेल्याला पाणी दिले आणि आजाऱ्याचा समाचार घेतला, त्यांनी राजालाच विचारले की आम्ही हे तुझ्यासाठी केव्हा केले. त्यांच्याजवळही साक्ष नव्हती.

मात्र त्याच तेराव्या अध्यायात पेत्र आहे. माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस, असे तो प्रभूला म्हणाला आणि प्रभूने त्याला अडवले. दुसऱ्याने आपल्यासाठी वाकावे हे सोसायलाही नम्रता लागते, आणि वर्षानुवर्षे एकटीने ओझे उचलणाऱ्या बायांना ही नम्रता सर्वांत अवघड जाते, असे मी पाहिले आहे. मदत मागा, ताई. रविवारी दोन तास सासूबाईंजवळ कोण बसेल, असे भगिनी मंडळाला सरळ विचारा. पाळकांना प्रभुभोजन घरी आणायला सांगा.

तुमच्या मंडळीचे पंच हे वाचत असतील, तर त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडावा. रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार आली तेव्हा यरुशलेमच्या मंडळीने स्तेफनासह सात माणसे त्या कामावर नेमली. आपल्या तालुक्यातील मंडळीला एका घरासाठी पाळ्या लावणे जड जाऊ नये.

प्रश्न : आमचा तरुण संघ दर नाताळात नंदुरबारला रुग्णालयात फळे वाटतो आणि फोटो प्रसिद्ध करतो. एका वडीलधाऱ्यांना हे आवडत नाही. यात चूक आहे का?

उत्तर : फळे जरूर वाटा. फोटोबद्दल मी त्या वडीलधाऱ्यांच्या बाजूचा आहे, कारण उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, असे प्रभूने दानाविषयीच सांगितले आहे. शिवाय खाटेवरच्या माणसाला नाही म्हणण्याची सोय नसते.

पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते पुढचे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वेदनांनी तळमळणारे लेकरू घेऊन आलेल्या बापाला केळ्यापेक्षा केसपेपरच्या रांगेत आपली भाषा बोलणारे माणूस हवे असते. यरुशलेममध्ये दुर्लक्ष झाले तेही ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडेच. तुमच्या संघात पावरी, भिली, मावची बोलणारी मुले असणारच. आठवड्यातून एक सकाळ दोघांनी त्या खिडकीपाशी उभे राहावे, रक्त तपासणीची खोली दाखवावी, गोळ्या कधी घ्यायच्या ते त्यांच्या बोलीत दोनदा सांगावे, आणि परतीची एसटी मिळेपर्यंत त्यांच्याबरोबर थांबावे.