दार दुरुस्त करा, तिसरा हप्ता भरू नका

प्रश्न: वय ६२, पेन्शन २४ हजार. गुहागरजवळ वडिलोपार्जित घर आहे. पुढचं सागवानी दार पश्चिमेला, चाळीसेक वर्षांचं. खालची फळी काळी पडलीय, पॉलिशचे पापुद्रे सुटतात. सुतार आणि पॉलिश मिळून २८ हजार सांगतात, नवीन सागवानी दार ९५ हजार. बँकेतून घेतलेल्या पॉलिसीचा दोन लाखांचा तिसरा हप्ता ऑक्टोबरात आहे, त्यासाठी यंदाही एफडी मोडावी लागेल. (दहा हप्ते, पंधरा वर्षांनी हमीचे ३६ लाख, म्हणजे ८० टक्के नफा.) तर पॉलिसीवर कर्ज काढून नवीनच दार बसवावं का?

उत्तर: नाही. नव्या दारालाही तोच पाऊस आणि तेच दुपारचं ऊन. आता २८ हजार आणि पुढे दर दोन वर्षांनी एक हात मारायला चारेक हजार धरा. दहा वर्षांत ४५ हजारांच्या आत भागतं. नव्या दारात ९५ अधिक हाच देखभालीचा खर्च, वर कर्जाचं व्याज.

फळी काळी पडते ती बहुतेक वेळा खालून. दाराच्या खालच्या कडेला पॉलिश लावायचं राहून जातं आणि उंबरठ्यावर उडालेलं पाणी तिथूनच लाकडात चढतं. काळ्या भागात स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. घट्ट लागलं तर नुसता डाग आहे. आत रुतलं तर तेवढा तुकडा बदलावा लागेल. दार बिजागरीवरून उतरवूनच काम करून घ्या. मेलामाइन पॉलिश घरातल्या कपाटांना ठीक, इथे बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश सांगा. आणि पाऊस संपल्याबरोबर घाई नको, लाकूड वाळू द्या, डिसेंबर-जानेवारी उत्तम. 'दहा वर्षं हात लावायला नको' म्हणणारा कोटिंगवाला भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पण तुमच्या पत्रात दारापेक्षा जास्त कुजलेलं काही असेल तर ते 'यंदाही एफडी मोडावी लागेल' हे वाक्य. पेन्शन २४ हजार असलेल्या माणसाला वर्षाला दोन लाखांचा हप्ता विकणाऱ्याला काय म्हणावं! मुलं कमावती असतील तर या वयात तुम्हाला आयुर्विम्याची गरजही नाही. ८० टक्के नफा पंधरा वर्षांवर पसरला की वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्या आसपास येतो, आणि हातात पडेल तेव्हा तुम्ही पंचाहत्तरीत असाल. 'करमुक्त' म्हणून भुलवलं असेल, तर तुमच्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत तसाही कर बसत नाही.

तरी रागाच्या भरात पॉलिसी सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडू नका. दोन हप्त्यांनंतर हमीचं सरेंडर मूल्य भरलेल्या रकमेच्या जेमतेम ३० टक्के असतं, म्हणजे चार लाखांचे एक लाख वीस हजार. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सोडली तर काय, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच चालू ठेवली, तर मुदतीअखेर काय. पेड-अपमध्ये ढोबळमानाने ३६ लाखांचा पाचवा हिस्सा, सातेक लाख मिळायला हवेत. तसे मिळत असतील तर तेच करा आणि हप्ते थांबवा. कारण उरलेले १६ लाख भरून जे वाढीव मिळणार, त्याचा दर सहा टक्क्यांच्या थोडासाच वर जातो. तेच १६ लाख आज एफडीत असतील, तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३२-३३ हजार देतील, म्हणजे महिन्याला जवळपास ११ हजार. दाराचे २८ हजार एका तिमाहीच्या व्याजातच निघाले.

बँकेतून फोन येईलच, 'एवढा एक हप्ता भरा, मग बघू' म्हणतील. जे सांगायचं ते ईमेलवर पाठवा म्हणा. आणि पॉलिशवाल्याला सगळे पैसे आधी देऊ नका. दार परत चढवण्यापूर्वी खालच्या कडेवरून हात फिरवा. कड कोरडी, खरखरीत लागली तर काम अजून बाकी आहे.