वाचकांचे प्रश्न: ऑइल तापले की ट्रॅक्टर अडतो

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे बागेच्या छोट्या ट्रॅक्टरमधील हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनविषयी, म्हणजे इंजिनची शक्ती दाबलेल्या ऑइलमार्फत चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेविषयी, असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: माझा बागेचा जुना ट्रॅक्टर सुरू केल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटे उत्तम चालतो. त्यानंतर तो चढावर अडू लागतो आणि पुढे सपाटीवरही पेडल अर्धे दाबल्याशिवाय हलत नाही. इंजिनचा आवाज मात्र जराही बदलत नाही. ऑइल आणि फिल्टर बदलून फरक पडलेला नाही. संपूर्ण ट्रान्समिशन बदलावे, असा सल्ला मिळाला आहे. ते खोलून दुरुस्त करता येईल का?

उत्तर: बहुतेक वेळा करता येते, पण काय दुरुस्त करायचे आहे ते खोलण्यापूर्वी गेजवर ठरवून घ्यावे. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा धागा म्हणजे इंजिनचा न बदलणारा आवाज. चाकांवरचा भार इंजिनपर्यंत पोहोचत असता, तर ते चढावर दबले असते. ते दबत नाही, याचा अर्थ पंपाने दाबलेले ऑइल मोटरपर्यंत पूर्ण न जाता आतल्या आतच परत फिरते आहे.

या ट्रान्समिशनमध्ये इंजिन एक पिस्टन पंप फिरवते. पंपाचे पिस्टन स्वॉशप्लेट नावाच्या तिरप्या तबकडीवर टेकून आत-बाहेर होतात, आणि पेडल किंवा लिव्हर ही तबकडी जितकी तिरपी करेल तितके जास्त ऑइल मोटरकडे, म्हणजे ऑइलच्या दाबाने फिरून चाके चालवणाऱ्या भागाकडे, जाते. मोटरमधून ते थेट पंपाकडे परत येते, म्हणजे हा फेरा बंद असतो. पिस्टन आणि त्याचे भोक, तसेच फिरता ब्लॉक (पिस्टनची भोके असलेला ठोकळा) आणि व्हॉल्व्ह प्लेट (ऑइलच्या ये-जा करण्याच्या खिडक्या असलेली स्थिर तबकडी) यांच्या फटींतून दर क्षणी थोडे ऑइल निसटतेच, आणि ही घट चार्ज पंप नावाचा छोटा पंप भरून काढतो. झीज झाली की निसटणारे ऑइल वाढते. ऑइल तापून पातळ झाले की ते आणखी वाढते.

पेडल अर्धे दाबेपर्यंत ट्रॅक्टर का हलत नाही, हे आकड्यांत चटकन कळते. एका गिरकीत १५ घन सेंटिमीटर ऑइल देणारा पंप ३,६०० आरपीएमला (मिनिटाला ३,६०० गिरक्या) मिनिटाला ५४ लिटर देतो. तबकडी एक दशांशच तिरपी असेल, तर तो ५.४ लिटर देतो. झीज झालेल्या पंप-मोटरमधून भाराखाली मिनिटाला चार-पाच लिटर निसटत असतील, तर पूर्ण वेगात ते जाणवतही नाही. पण हळू चालताना चाकांसाठी जवळपास काहीच उरत नाही. निसटणे दाबावर आणि ऑइलच्या पातळपणावर अवलंबून असते, तबकडीच्या कोनावर नाही. त्यामुळे चढावर सावकाश चालणे ही क्षमता सर्वांत आधी जाते.

तरीही पाना हातात घेण्यापूर्वी काही बाहेरच्या गोष्टी पाहून घ्याव्यात. ट्रॅक्टर ढकलण्यासाठी दिलेला बायपास व्हॉल्व्ह पूर्ण बसला आहे ना, थंड करणाऱ्या पंख्याची पाती शाबूत आहेत ना, आवरणावरच्या पंखपट्ट्यांत गवताचा थर घट्ट बसलेला नाही ना, ब्रेक चिकटून राहत नाही ना, आणि पेडलपासून तबकडीपर्यंतच्या जोडणीतील खाच झिजून रुंद झालेली नाही ना, हे तपासावे. पंखा तुटलेला असेल, तर निरोगी ट्रान्समिशनही अशीच लक्षणे दाखवते, आणि मग सारा खर्च पंप-मोटरवर होतो.

यानंतर चार्ज प्रेशर, म्हणजे चार्ज पंपाच्या ऑइलचा दाब, मोजावे. बहुतेक जुन्या ट्रान्समिशनांना यासाठी प्लग लावलेले छिद्र असते. तेथे ३०० पीएसआयपर्यंतचे गेज पुरते. मागची चाके जमिनीवरून उचलून ट्रॅक्टर घोडीवर पक्का ठेवावा (केवळ जॅकवर नव्हे), पुढची चाके अडवावीत, ऑइल काम करताना तापते तितके तापू द्यावे आणि इंजिन मॅन्युअलमधील आरपीएमवर न्यावे. अनेक बागेच्या ट्रॅक्टरांत वापरल्या गेलेल्या सन्डस्ट्रँड कंपनीच्या १५ मालिकेत हे प्रेशर ७० ते १५० पीएसआय, म्हणजे साधारण ५ ते १० बार असावे लागते. इतर बनावटींचे आकडे वेगळे असतात, म्हणून आपल्या मॉडेलचे मॅन्युअल मिळवावेच.

न्यूट्रलमध्येच प्रेशर कमी असेल, तर चार्ज पंप, त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) किंवा ऑइल ओढून घेण्याचा मार्ग संशयित ठरतो, आणि हे बहुधा सर्वांत स्वस्तात सुटणारे दुखणे असते. न्यूट्रलमध्ये प्रेशर चांगले असून ब्रेकने हलका भार दिल्यावर दोन्ही दिशांना सुई खाली येत असेल, तर पंप किंवा मोटरच्या फिरत्या भागांची झीज धरावी. एकाच दिशेला ताकद नसेल आणि त्या दिशेला सुई उलट वर उसळत असेल, तर त्या बाजूचा चेक व्हॉल्व्ह (ऑइल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसत नसून मुख्य फेऱ्यातले ऑइल चार्जच्या वाटेवर घुसते आहे, अशी शक्यता मोठी असते. सुई स्थिर आहे आणि तरी ओढ नाही, असे दिसले तर पुन्हा बायपास, जोडणी आणि कपलिंगकडे वळावे. आपल्या वर्णनावरून दुसरी शक्यता ठळक वाटते.

प्रश्न: पंप आणि मोटर खोलून समोर ठेवले आहेत. बाजारात फक्त सील किट मिळते. तेवढे बदलून भागेल का? व्हॉल्व्ह प्लेटवर गोल चरे दिसतात. ते काचपेपरने घासावेत का?

उत्तर: सील किटने बाहेरची गळती थांबते. ऑइल तापल्यावर ओढ जाण्याचे कारण आतल्या धातूच्या पृष्ठांवर असते आणि नवीन ओ-रिंगचा त्यावर काहीही परिणाम होत नाही. खोललेच आहे तर सील बदलावेत हे खरे. पण तेवढे करून जुळणी केली, तर सारे श्रम पुन्हा करावे लागतील.

प्रत्येक पिस्टन ज्या भोकातून निघाला त्याच भोकात परत गेला पाहिजे, कारण चालून चालून दोघांची जोडी जमलेली असते. ईटन कंपनीच्या काही हलक्या ट्रान्समिशनांत पिस्टनऐवजी पोलादी गोळ्या असतात. तेथे रोटर (गोळ्यांचा फिरता ठोकळा) वर उचलण्यापूर्वीच त्याच्याभोवती रुंद रबरबँड चढवावा, म्हणजे गोळ्या आपापल्या भोकांत राहतात. एकदा त्या टेबलावर घरंगळल्या की कोणती कोठली हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

चरे तपासायला नखासारखे साधन नाही. ब्लॉकचा व्हॉल्व्ह प्लेटवर फिरणारा चेहरा पुसून कोरडा करावा आणि खिडकीच्या उजेडात तिरपा धरून नख मध्यापासून कडेकडे ओढावे. नुसती चमकदार वर्तुळे दिसत असतील आणि नख कोठेही अडखळत नसेल, तर तो चेहरा वापरण्याजोगा आहे. नख अडकले, तर ती चर म्हणजे जास्त दाबाच्या खिडकीतून कमी दाबाच्या खिडकीकडे किंवा बाहेर केसिंगमध्ये जाणारी वाट आहे. पिस्टनच्या टोकाच्या पितळी चकत्या, म्हणजे स्लिपर, हलवून पाहाव्यात. त्या सहज फिराव्यात, पण पिस्टनच्या लांबीच्या दिशेने खडखडू नयेत. भोकाची झीज अजमावण्यासाठी पिस्टनला ऑइल लावून तो आत सारावा, भोकाचे दुसरे तोंड बोटाने दाबून धरावे आणि पिस्टन ओढावा. पिस्टनच्या मधल्या छिद्रावरही बोट ठेवले, तर चांगली जोडी स्पष्टपणे मागे खेचते. ही चाचणी अचूक मोजमाप नाही. मात्र एकाच ब्लॉकमधील एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा ढिली असेल, तर ती लगेच कळते.

काचपेपर बोटाखाली धरून कधीही घासू नये. बोटाच्या दाबाने मधला भाग जास्त खाली जातो आणि सपाटपणा संपतो. चरे असलेला सपाट चेहरा एक वेळ चालेल, पण गुळगुळीत आणि सपाटपणा गेलेला चेहरा चालणार नाही. चरे उथळ असतील, तर सरफेस प्लेटवर किंवा जाड सपाट काचेवर अतिबारीक वॉटर पेपर ठेवून, ऑइल टाकून, स्वतःच्या वजनापलीकडे फारसा जोर न देता चेहरा इंग्रजी आठच्या आकारात फिरवावा आणि अधूनमधून नव्वद अंशांनी वळवावा. संपूर्ण चेहऱ्यावर एकसारखी फिकट छटा आली की थांबावे. खोल चरांसाठी जास्त धातू काढण्याच्या मोहात पडू नये, कारण काही प्लेटांवरचा कठीण थर पातळ असतो आणि तो गेल्यावर खालचा मऊ धातू फार टिकत नाही. तेथे नवा किंवा चांगल्या स्थितीतला जुना भागच लावावा. गोलाकार चेहऱ्याच्या ब्लॉकला ही पद्धत अजिबात लागू होत नाही.

घासल्यावरची धुलाई घासण्याइतकीच महत्त्वाची आहे. या फटी मायक्रॉनमध्ये मोजल्या जातात, त्यामुळे पेपरचा एक कण उरला तरी पहिल्याच तासात नवी चर पडते. रॉकेलने किंवा सॉल्व्हंटने दोनदा धुऊन, कोरड्या हवेने फुंकून, लगेच स्वच्छ ऑइल लावावे. पुसायला कॉटन वेस्ट घेऊ नये, धागे सुटतात. गॅस्केटच्या जागी सिलिकॉन सीलंट लावण्याची सवय येथे घातक ठरते: आत पिळून निघालेला त्याचा तुकडा सुटला, की तो चेक व्हॉल्व्हखाली जाऊन बसतो.

प्रश्न: जुळणी पूर्ण झाली आहे. पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी घ्यावी आणि दुरुस्ती जमली हे कसे ओळखावे?

उत्तर: पहिल्या मिनिटात कोरडे फिरल्याने महिन्याची मेहनत जाऊ शकते, म्हणून ही पायरी घाईने उरकू नये. ट्रान्समिशन आणि नवा फिल्टर दोन्ही आधी ऑइलने भरावेत. मागची चाके घोडीवर उचललेली, बायपास उघडा आणि लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून, स्पार्क प्लगची तार काढून ती इंजिनच्या धातूला टेकवून ठेवावी, किंवा डिझेल इंजिन असेल तर इंधन बंद करावे, आणि स्टार्टरने थोडे थोडे फिरवावे. चार्ज प्रेशरच्या गेजची सुई हलू लागली, की ऑइल पंपापर्यंत पोहोचले. मगच इंजिन सुरू करून अगदी कमी वेगावर ठेवावे. अर्ध्या मिनिटात प्रेशर उभे राहिले नाही, तर इंजिन बंद करून ऑइल ओढण्याच्या वाटेत हवा कोठून शिरते ते शोधावे.

यानंतर लिव्हर सावकाश पुढे-मागे न्यावा. सुरुवातीला चाके हिसके देतात आणि पंप किणकिणतो. ही अडकलेल्या हवेची लक्षणे आहेत. बायपास बंद करून तीच क्रिया काही वेळा केली, की आवाज मावळतो आणि ऑइलची पातळी उतरते. ती भरून घ्यावी. आवाज मावळतच नसेल आणि ऑइल फेसाळ दिसत असेल, तर बाहेरून हवा आत ओढली जाते आहे. पाझर शोधण्यासाठी हात फिरवू नये. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने उडणारी धार कातडी भेदून आत जाते. जखम टिंबाएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. पुठ्ठ्याचा तुकडा जवळ धरून पाहावे.

घोडीवर चाके छान फिरली, म्हणून दुरुस्ती जमली असे मानू नये. तेथे भारच नसतो. खरी चाचणी चढावर, गरम ऑइलने घ्यावी. एका चढावर ठरावीक अंतर आखावे, इंजिनचा आरपीएम आणि लिव्हरची जागा कायम ठेवावी आणि थंड ऑइलवर ते अंतर कापायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवावे. पाऊण-एक तास प्रत्यक्ष काम केल्यानंतर तोच चढ पुन्हा घ्यावा. वेळ थोडा वाढणारच. पण तो दीडपट झाला किंवा ट्रॅक्टर मध्येच थांबला, तर गळती उरलेली आहे. दुरुस्तीपूर्वीचे सेकंदही लिहून ठेवले असतील, तर काम किती साधले हे अंदाजाने सांगावे लागत नाही. ज्यांच्या केसिंगला स्वतंत्र निचरा नळी आहे, त्यांनी ती मोजपात्रात सोडून, गरम ऑइलवर आणि भाराखाली मिनिटाला किती ऑइल येते ते मॅन्युअलच्या आकड्याशी ताडावे.

ट्रॅक्टर साखळीने बांधून पेडल दाबत राहण्याची चाचणी मात्र करू नये. अनेक छोट्या ट्रान्समिशनांत मुख्य फेऱ्याला स्वतंत्र रिलीफ व्हॉल्व्ह नसतो. चाके घसरणे किंवा इंजिन बंद पडणे एवढीच दाबाची मर्यादा असते, आणि जागच्या जागी सारी शक्ती उष्णतेत जाते.

पहिल्या काही तासांनंतर फिल्टर बदलून तो कापून पाहावा. करड्या रंगाचा लगदा आणि एखाद-दुसरा चकाकता कण चालतो. पिवळसर कण भरपूर असतील आणि त्यांना चुंबक लागत नसेल, तर स्लिपर किंवा व्हॉल्व्ह प्लेट खरवडली जात आहे.

प्रश्न: यात इंजिन ऑइल घातले तर चालते का?

उत्तर: उत्पादकाने सांगितले असेल तर चालते. काही सीलबंद, एकात्मिक ट्रान्समिशनांसाठी २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच नेमून दिलेले असते. याउलट मागच्या गिअरसाठी आणि लिफ्टसाठी एकच ऑइल असलेल्या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक-ट्रान्समिशन ऑइल लागते. ओढ कमी झाली म्हणून जास्त जाड ऑइल भरण्याचा उपाय सुचवला जातो. त्याने थोडी ओढ परत येते, पण थंडीत चार्ज पंपाला ते ऑइल ओढता येत नाही आणि पंप पोकळीत फिरू लागतो. विक्रीपूर्वी दोष झाकण्यासाठीही हाच उपाय वापरतात, हे जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न: न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर सावकाश पुढे सरकतो. पंप बिघडला का? आणि तो बंद असताना दुसऱ्या वाहनाने ओढून नेता येईल का?

उत्तर: सरकणे हा जवळजवळ नेहमी जोडणीचा दोष असतो, पंपाचा नव्हे, तबकडी शून्य अंशावर येत नाही इतकेच. चाके उचलून, इंजिन चालू ठेवून, मॅन्युअलप्रमाणे जोडणीचा नट किंवा एक्सेंट्रिक (मध्य एका बाजूला सरकलेली) पिन फिरवावी. पुढून न्यूट्रलला आणल्यावर आणि मागून न्यूट्रलला आणल्यावर चाके वेगवेगळ्या जागी थांबत असतील, तर खाच किंवा पिन झिजली आहे. ती भरून घेतल्याशिवाय कोणतेही समायोजन टिकणार नाही.

ओढून नेणे टाळावे. चाके मोटर फिरवतात, मोटर ऑइल ढकलते, आणि इंजिन बंद असल्यामुळे चार्ज पंप घट भरून काढत नाही, त्यामुळे मोटर कोरडी घासली जाते. इलाजच नसेल, तर बायपास पूर्ण उघडून, चालण्याच्या वेगाने, काही मीटरच न्यावा. त्याहून लांब जायचे असेल, तर मागची चाके जमिनीवरून उचलून किंवा ट्रेलरवर चढवून न्यावा.