मंदिरासमोरच्या वीरगळांची नोंद शाळेतल्या मुलांकडून कशी करून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की महादेवाच्या देवळासमोर सात-आठ वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, पडलेत आणि गावकरी ते धुऊन, रंगवून ओट्यावर बसवणार आहेत. आधी रंग थांबवा, हात जोडून सांगतो. ऑइलपेंटने बारीक कोरीवकाम आणि अक्षरं बुजतात, आणि पुढे तो काढायला कुणी ग्राइंडर लावला की दगडाचाच थर जातो. ओटा बांधायचाच असेल तर कोणता दगड कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून होता, याचा नकाशा आधी काढा. दगड हलला की ती माहिती पुन्हा मिळत नाही.

मुलांचे चौघाचौघांचे गट करा. दोघं टेप धरतील, एक लिहील, एक फोटो काढेल. दगडापुढे क्रमांकाची चिठ्ठी आणि ३० सेंमीची पट्टी ठेवा, चिकटवू नका. उंची, रुंदी, जाडी मोजा. खालचा भाग जमिनीत असेल तर उकरायचं नाही, 'पुरलेला' एवढंच लिहायचं. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका. तारेचा ब्रश, ॲसिड, साबण अजिबात नको. शेंदूरही खरवडू नका, तो दगड कुणाचा तरी देव आहे.

फोटोत बहुतेकांचं इथे चुकतं: ऊन थेट समोरून आलं की कोरीवकाम सपाट दिसतं. चादर धरून दगडावर सावली करा आणि टॉर्च अगदी कडेने, उजेड दगडाला घासून जाईल असा मारा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून. झिजलेली तलवार, गाईंची शिंगं उठून दिसायला लागतात. अक्षरांत खडू भरू नका. भरणारा त्याला वाटेल ती रेघ ओढतो आणि पुढचे सगळे तीच वाचतात.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाशी पडलेला वीर, शेजारी गाई असतील तर गोधन राखताना आलेलं मरण. त्यावर लढाई, मग वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. सगळ्यांवर सगळे कप्पे नसतात. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात म्हणजे सतीशिळा, सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड. गाढव आणि बाई कोरलेली असेल तर गधेगाळ: दान मोडणाऱ्याला दिलेला शाप, मुलांना एवढंच सांगा.

वहीत 'दिसलं ते' आणि 'वाटतं ते' असे दोन वेगळे रकाने हवेत. फलकावर सरसकट 'शिवकालीन' लिहू नका. वीरगळांची प्रथा शिलाहार-यादवांच्या काळात, म्हणजे महाराजांच्या कितीतरी आधी जोरात होती, आणि बहुतेकांवर लेख नसतोच. लेखात शक सापडला तर ७८ मिळवा, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९०. पौष ते फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा ७९. वाचन मात्र जाणकाराकडूनच करून घ्या.

वहीची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत ठेवा. दरवर्षी त्याच क्रमांकाने, त्याच कोनातून पुन्हा फोटो घ्या, म्हणजे झीज कुठे वाढतेय ते कळेल.