नडगी दुखतेय? आधी बोटाने दाबून बघा

बूट बदलण्याआधी एक तपासणी करा. नडगीच्या आतल्या कडेवर, घोट्यापासून वर, बोटाने दाबत जा. चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दुखत असेल तर तो शिन स्प्लिंट, नवख्या धावपटूंचं नेहमीचं दुखणं. पण एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणं आजच थांबवा आणि अस्थितज्ज्ञांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते, आणि ती पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही.

शिन स्प्लिंटचं कारण बहुधा एकच: दम लवकर वाढतो, हाड सावकाश मजबूत होतं. दोन आठवडे सायकल किंवा पोहणं. दुखल्यावर १५ मिनिटं बर्फ, फडक्यात गुंडाळून. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा उचला, १५ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. त्यातला अर्धा भाग गुडघे किंचित वाकवून, म्हणजे पोटरीचा खालचा स्नायूही कामाला लागतो. हा भाग सगळे गाळतात!

भरभर चालताना दुखत नसेल तरच परत धावा: एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. काँक्रीटपेक्षा मातीचं मैदान बरं.

बूट ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. महागडेच हवेत असं मुळीच नाही.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचा विचार यंदा सोडा. यवतेश्वरचा घाट चढून झाला तरी उतार नडगीला सोडत नाही.