उपवासाला काय चालते?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी पिलिओ डोंगरावरच्या माक्रिनित्सा गावाहून अथेन्सला परतताना तू गाडीत विचारलेस, "आई, त्या आजीबाई ईस्टरच्या आधी ४८ दिवस मांस, मासे, अंडी, दूध, चीज सगळे सोडतात, तू एकादशीला नक्की काय सोडतेस?" मी "घरी गेल्यावर सांगते" म्हणाले आणि घाटाच्या वळणांकडे लक्ष असल्याचे भासवले. खरे म्हणजे प्रश्न लागला होता, आणि तो टॅव्हर्नातच, म्हणजे त्या ग्रीक खाणावळीतच, लागायला सुरुवात झाली होती.

चौकातल्या त्या जुन्या चिनाराखाली आपण बसलो होतो, खाली व्होलोस शहर आणि त्यापलीकडचे आखात दिसत होते, आणि टेबलावर एकेक पदार्थ येत होता: टोमॅटोत भाजलेले अंगठ्याएवढे पांढरे घेवड्याचे दाणे, लिंबू पिळलेला पालकाचा भात, तेल घातलेला उकडलेला रानपाला, व्हिनेगरमधला ऑक्टोपस आणि पिलिओच्या डोंगरातल्या त्सित्सीराव्लाचे, म्हणजे रानपिस्त्याच्या कोवळ्या कोंबांचे, लोणचे. ऑक्टोपसला रक्त नसते असे मानून तो त्यांच्या उपवासाला चालतो, हे ऐकून तुला हसू आवरेना. आजीबाईंनी "निस्तेवेते?", म्हणजे तुम्ही उपवास करता का, असे विचारले. मी नाही म्हणण्याच्या आत तू अस्खलित ग्रीकमध्ये सांगून टाकलेस की आमच्याकडे उपवासाच्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त पदार्थ असतात. सगळे हसले, मीही हसले.

यात तू नवीन काही शोधून काढलेले नाहीस. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यावर केलेली आहे. वाईच्या घरी आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याच्या चकत्या आणि वर दही असा बेत असे, आणि मी व नंदामावशी "आम्हालाही उपवास" असे सकाळीच जाहीर करत असू, कारण उपवास नसणाऱ्यांच्या वाट्याला फक्त चमचाभर खिचडी येई. त्या ग्रीक बाई ज्याला "निस्तीसिमो" म्हणतात, त्याला तुझी पणजी "चालते" म्हणे. कोथिंबीर चालते की नाही, यावरून आमच्या घरात आणि शेजारच्या घरात कायम मतभेद होते. दूध मात्र दोन्हीकडे चालत असे, आणि हे ऐकून त्या आजीबाईंनी ज्या भुवया उंचावल्या, त्या तू पाहिल्याच असशील. तुझा मामा कॉलेजात गेल्यावर म्हणू लागला की बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सगळे अमेरिका खंडातून आलेले आहे, मग ही प्राचीन परंपरा कसली? त्याचे म्हणणे खरे होते. पणजीने त्याला ताट वाढले आणि विषय संपवला.

आता मला अवघड जाते ते सांगते. आम्ही दुप्पट खात होतो, पण पणजी खात नव्हती. संकष्टीला ती दिवसभर पाण्यावर राही, भिंतीवरच्या कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ पाही, आणि ढग असले तर वेळ उलटून गेल्यावरही अंगणात उभी राही. आमचे खाणे तीच करत असे. एका एकादशीला माझी आई, तुझी आजी, चुलीपाशी चक्कर येऊन बसली. तिला कोणी पाणी दिले, कोणी कांदा हुंगवला, पण "दोन घास खा" असे कोणीही म्हटले नाही, मीही नाही. म्हणून आजीबाईंनी दारामागे चिकटवलेली ती कागदाची "किरा साराकोस्ती" म्हणजे उपवासाचे आठवडे मोजणारी बाई तुला दाखवली, दर शनिवारी एक कापायचा असे सात पाय, हाताची घडी आणि चेहऱ्यावर तोंडच नाही, आणि तू "तोंड का नाही?" विचारल्यावर त्या सहज म्हणाल्या, "उपवास आहे ना," तेव्हा मला एकदम वाईचे स्वयंपाकघर आठवले. त्यांची श्रद्धा मला खोटी वाटत नाही, पणजीचीही नाही. पण तोंड नसलेली ती बाईच का असते, हे मला कोणी विचारले तर मी काय सांगणार?

तरीही मी आषाढी सोडलेली नाही. पुण्य मिळते म्हणून नव्हे; निदान तसे मला वाटत नाही. ओमोनियाजवळच्या दुकानातून साबुदाणा आणायचा, रात्री धुऊन तो जेमतेम बुडेल इतकेच पाणी ठेवायचे, कारण बोटाच्या पेराएवढे पाणी वर राहिले तर खिचडीचा गोळा होतो, आणि सकाळी दाणा बोटांत दाबून पाहायचा. तो दाबताना माझा हात आईच्या हातासारखा दिसतो. तुझ्या प्रश्नाला हे उत्तर होत नाही, हे मला कळते. काय सोडते, असे विचारशील तर त्या दिवशी मी पोळी सोडते आणि थोडा वाद सोडते, इतकेच. तू उपवास करावास असे मी म्हणत नाही, पूर्वीही म्हटले नव्हते, आणि म्हटल्यासारखे वाटले असेल तर ते खिचडी जास्त झाल्यामुळे.

त्या दिवशी नातवंडे घरी नव्हती म्हणून आजीबाईंनी तुझ्या हातात कात्री दिली आणि चौथ्या शनिवारचा पाय तू कापलास. तो तुझ्या जीन्सच्या खिशात निघाला. धुण्यात जाण्यापूर्वी काढून साबुदाण्याच्या डब्याशेजारी ठेवला आहे.

तुझी,
आई