पृथ्वी तापली ती माणसामुळे की निसर्गामुळे? शिवारफेरीतल्या प्रश्नाला उत्तर

तोडणीच्या हंगामात उसाच्या खोडव्याबद्दल, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाबद्दल, बोलायला गावोगाव जातो, तेव्हा प्रश्न ठरलेले असतात: हुमणी कीड, तांबेरा रोग, खताचे हप्ते. यंदा कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने वहीत लिहून आणलेला प्रश्न वेगळा होता. "साहेब, एकजण सांगतो पृथ्वी तापली ती माणसामुळं. दुसरा म्हणतो, सूर्यच तापलाय, हवामान काय पूर्वीपासून बदलतंयच की. खरं कुणाचं? आणि पाचट पेटवलं म्हणून आम्हीच गुन्हेगार का?" (पाचट म्हणजे तोडणीनंतर शेतात राहणारी उसाची वाळलेली पानं.) बांधावर पाच मिनिटांत दिलेलं उत्तर अर्धवट राहिलं. करवीर आणि कागलमधूनही असंच विचारलं गेलंय, म्हणून इथं जरा सविस्तर.

दुसरा जे म्हणतो त्यातलं अर्धं खरं आहे. हवामान निसर्गतः बदलतं, आणि त्याचा पुरावा आपल्या पायाखालीच आहे. जोतिबा-पन्हाळ्याचा काळा कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा. त्याबरोबर निघालेल्या वायूंनी त्या काळी जगाचं हवामान हलवलं होतं. हिमयुगं आली आणि गेली, तीही माणसाला न विचारता. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट आणि तिच्या आसाचा कल हजारो वर्षांत थोडाथोडा बदलतो, त्याचा तो परिणाम.

पण वेग बघा. शेवटच्या हिमयुगातून बाहेर येताना हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण 180 वरून 260-270 पर्यंत गेला, त्याला सात-आठ हजार वर्षं लागली. कारखानदारी सुरू होण्याआधी तो 280 च्या आसपास होता. हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथं 1958 पासून सलग मोजणी सुरू झाली तेव्हा 315 होता. आज 420 च्या वर आहे. निसर्गाने हजारो वर्षांत जेवढी भर घातली, त्याहून जास्त आपण दोनशे वर्षांच्या आत घातली.

आता संशयित एकेक तपासू. ज्वालामुखी? आजचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाने सोडलेल्याच्या एक टक्काही भरत नाही. उलट मोठा स्फोट झाला की त्याच्या धुरळ्याने जग थंडावतं. 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला, तेव्हा पुढचं वर्ष-दोन वर्षं जगाचं तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं होतं. सूर्य? उपग्रह 1978 पासून त्याचा प्रकाश मोजतायत. अकरा वर्षांच्या चक्रात तो किंचित वर-खाली होतो, पण याच काळात पृथ्वी तापत गेली आणि सूर्य काही वाढीला लागलेला दिसत नाही. शिवाय सूर्य कारण असता तर हवेचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि वरचा थर थंड होतोय. घोंगडं पांघरल्यावर असंच होतं: ऊब आत अडकते, बाहेर कमी येते.

हे घोंगडं कुणी विणलं, हे ओळखायची खूण कार्बनमध्येच आहे. सोसायटीच्या हिशेबाच्या भाषेत सांगतो. ऊस, लाकूड, शेण यांतला कार्बन म्हणजे चालू खातं. यंदा हवेतून उचलला, पुढच्या वर्षी जाळला किंवा कुजला की परत हवेत गेला. कोळसा आणि तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत पुरलेली ठेव. चालू खात्यातल्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बनचा अगदी बारीक अंश असतो. पुरलेल्या ठेवीत तो कधीच संपून गेलेला असतो. शास्त्रज्ञांनी हवा तपासली, तर बिनखुणेचा जुना कार्बन हवेत मिसळत गेलेला सापडला. त्याच्या जोडीला हवेतला ऑक्सिजनही किंचित घटतोय, म्हणजे काहीतरी जळतंय. समुद्रातून नुसता वायू वर आला असता तर ऑक्सिजन असा घटला नसता. 1850-1900 च्या तुलनेत गेल्या दशकात जग सव्वा अंशाच्या आसपास तापलंय, आणि ही वाढ जवळजवळ पूर्णपणे माणसाच्या कामांमुळे आहे. ठेव मोडणारे हात आपलेच आहेत. अर्थात मोडणाऱ्यांत शिरोळच्या शेतकऱ्याचा वाटा किती, हा वेगळा हिशेब.

म्हणून पाचटाबद्दल मी गुन्हेगार वगैरे शब्द वापरत नाही. पाचटाचा कार्बन चालू खात्यातला, कोळशाशी त्याची बरोबरी नाही. तरी पेटवू नका, आणि त्याचं कारण तुमच्या पदरचं आहे. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं, त्यात साधारण अर्धा टक्का नत्र (नायट्रोजन) असतं. म्हणजे 40 ते 50 किलो नत्र काडीपेटीच्या एका काडीवर जातं, वर जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढायची संधीही. धूर शेजारच्या वस्तीत जातो तो निराळाच.

खरी जबाबदारी युरियाच्या पोत्यात आहे. पिकाने न घेतलेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता अडकवतो. सुरू उसाला (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या) हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे, तीही हप्त्यांत: 10 टक्के लागणीला, 40 टक्के सहा ते आठ आठवड्यांनी, 10 टक्के बारा ते सोळा आठवड्यांनी आणि 40 टक्के मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला मातीची भर लावताना. "शेजाऱ्याने चार पोती टाकली, मी पाच टाकतो" या चढाओढीला कुठल्याच शिफारशीचा आधार नाही.

करवीरमधून विचारलंय, 2019 आणि 2021 चा महापूर तापमानवाढीमुळेच का? हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून कोसळणारा पाऊस जास्त जोरात कोसळतो. पण पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, त्याचं सगळं माप तापमानवाढीच्या पदरात टाकता येत नाही. पूररेषेतली बांधकामं आणि धरणांच्या विसर्गाची वेळ यांचाही त्यात हात असतो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या वादात मी इथं शिरत नाही. नदीकाठच्या लागणीत पाणी साचू नये म्हणून चर मात्र पावसाळ्याआधी मोकळे करून ठेवा.

खोडव्याला आता करायचं ते असं. तोडणी झाल्यावर बुडखे जमिनीलगत छाटा आणि पाचट सऱ्यांत सारखं पसरा. हेक्टरी 80 किलो युरिया आणि 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट त्यावर फेका. मग 10 किलो पाचट कुजवणारं संवर्धक शेणखतात कालवून वेगळं टाका, युरियात मिसळू नका. पाणी दिल्यावर वाफसा (चिखल जाऊन बेताची ओल) येताच पाचट पायाने सऱ्यांत दाबून घ्या. मातीला टेकलं तरच ते कुजतं.