मोठ्या भाडेकरूची वाट पाहू नका, पण मजल्याचे भाग करण्याआधी नकाशा मार्गी लावा

तुमची पोस्ट वाचली. शहराच्या जुन्या मध्यवस्तीत सात मजल्यांची ऑफिस इमारत. चार मजले धरून बसलेली कंपनी नोटीस देऊन गेली. दलाल म्हणतो थांबा, तेवढाच मोठा भाडेकरू आणून देतो. भाचा म्हणतो घरं करून टाका. आणि तळमजल्याची मोक्याची जागा एका बँकेला एटीएमसाठी हवी आहे. आमच्या कुटुंबाच्या इमारतीचं काम मीच बघतो आणि यातलं बहुतेक सगळं आमच्याकडे घडून गेलं आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधीच सांगतो, मी वकील नाही, आर्किटेक्ट नाही. नियम शहरागणिक बदलतात, तेव्हा मी लिहिलंय ते तुमच्या माणसांकडून तपासून घ्या. करारनामा, डिपॉझिट, नोंदणी, देखभाल खर्चाची वाटणी यात शिरत नाही. चार मजले भाड्याने देऊन बसलेल्या माणसाला ते सांगायची गरज नाही.

दलालाचं ऐकू नका. त्याची दलाली एका मोठ्या करारात सुटते, सहा छोट्या करारांत त्याची दमछाक होते. त्यामुळे तो 'थांबा' म्हणणारच, आणि त्याच्या जागी तो बरोबरही आहे. पण रिकाम्या मजल्याचा कर, विमा, लिफ्टची देखभाल आणि रखवालदाराचा पगार तुम्ही भरताय, तो नाही. शिवाय मोठ्या कंपन्या आता कमी जागा घेतात, आणि घेतात ती नव्या इमारतीत. मूडीज या अमेरिकेतल्या आर्थिक विश्लेषण कंपनीच्या आकड्यांनुसार २०२३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत मिळून १९.६ टक्के ऑफिस जागा रिकामी होती. १९७९ पासूनच्या त्यांच्या नोंदींत तोवर एवढा आकडा कधी आला नव्हता. त्यात सगळ्यात जास्त मार बसला तो जुन्या, मध्यम दर्जाच्या इमारतींना. तुमची आणि माझी इमारत त्याच गटातली.

अशा इमारतीत येणारा माणूस चार ते बारा जणांचं ऑफिस चालवणारा असतो. हिशेबनीस, छोटी सॉफ्टवेअर कंपनी, भाषांतराचं काम करणारे, समुपदेशक, एखादी संस्था, नुकतंच घरातून बाहेर पडलेलं स्टार्टअप. त्याला मोकळा, वायरी लोंबणारा मजला दाखवलात की तो घाबरतो. फरशी, दिवे, पार्टिशन, नेट हे सगळं स्वतः करायला त्याच्याकडे पैसा नाही आणि वेळ तर त्याहून नाही. त्याला चावी हवी असते आणि सोमवारपासून काम सुरू करायचं असतं.

हे माझं डोकं नाही, जुनाच प्रयोग आहे. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला ५५ ब्रॉड स्ट्रीट नावाची तीस मजली इमारत आहे. तिथला मोठा भाडेकरू, ड्रेक्सेल बर्नहॅम लँबर्ट ही गुंतवणूक बँक, १९९० मध्ये दिवाळखोरीत गेला आणि इमारत रिकामी पडली. काही वर्षं वाट पाहून मालक असलेल्या रुडिन कुटुंबाने १९९५ च्या सुमारास तिच्यात वेगवान नेटसाठी फायबर केबल, चांगली वीज आणि जोडणी घातली आणि न्यूयॉर्क इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी सेंटर या नावाने ती नव्या, छोट्या इंटरनेट कंपन्यांसाठी खुली केली. पुढे डाउनटाउन अलायन्स या त्या भागाच्या विकासासाठी काम करणाऱ्या संस्थेने हीच कल्पना 'प्लग अँड गो' म्हणून इतर इमारतींत नेली. तयार, वायरिंग केलेले छोटे गाळे, परवडणाऱ्या भाड्यात, थोड्या मुदतीच्या करारावर. एक मोठा भाडेकरू गेला तर त्याच्या मापाचा दुसरा शोधत बसू नये, मापच बदलावं, हे मला तिथून कळलं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे, 'तिसऱ्या मजल्याचे पाच-सहा भाग करून बघतो, नुसती पार्टिशन्स तर टाकायची आहेत.' हे वाचून मी थांबलो. नुसती पार्टिशन्स नसतात ती.

मूळ मंजूर नकाशात तो मजला एका भाडेकरूचा, एक मोठा हॉल असा दाखवलेला असणार. त्याचे सहा गाळे केले की मध्ये सामायिक कॉरिडॉर येतो. कॉरिडॉर आला की बाहेर पडण्याच्या वाटा, जिन्याचं अंतर, दारं कुठल्या बाजूला उघडतात, स्वच्छतागृहं कोणाची, हे सगळे प्रश्न नव्याने उभे राहतात. आमच्या बाबतीत परवानगी देणारं एक कार्यालय होतं, नाव लिहीत नाही. आम्ही सुधारित नकाशा व्यवस्थित दाखल केला, आवक शिक्का घेतला. नकाशाच्या टेबलावर सांगितलं, आधी अग्निशमनची संमती आणा. अग्निशमनने सांगितलं, आधी मंजूर नकाशा आणा. दोन्ही गोष्टी तोंडी. लेखी द्या म्हटलं की 'कळवू'.

त्याच्यावर कहर म्हणजे त्रुटीपत्रं. पहिल्या पत्रात कॉरिडॉरची रुंदी. ती दुरुस्त करून दिली, तर दुसऱ्यात स्वच्छतागृहांची संख्या. ती दिली, तर तिसऱ्यात जिन्याच्या दाराची दिशा. तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशीच्या नकाशात दिसत होत्या. एकाच पत्रात लिहिल्या असत्या तर एकाच फेरीत संपलं असतं. माझा मुद्दा नियमांबद्दल नाही. ते नियम माणसं जिवंत राहावीत म्हणून आहेत आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. पण सगळ्या हरकती एकदम न सांगता एकेक काढत जाणं याला मी काम म्हणत नाही, आणि त्याचा राग मला आजही येतो.

कारण तोवर आमच्याकडे माणसं तयार होती. अकाउंट्सचं काम करणारी एक जोडी, कपड्यांचे नमुने बनवणाऱ्या दोघी, आणि श्रवणचाचणीचं छोटं केंद्र काढू पाहणारी एक तज्ज्ञ. तिघांनीही जागा पसंत केली होती. छोटा व्यावसायिक वाट पाहू शकत नाही, कारण तो आहे त्या जागेचं भाडंही भरत असतो. एकेक करून तिघंही दुसरीकडे गेले. वाईट याचंही की दलालांमध्ये बोभाटा झाला, 'त्या इमारतीत काहीतरी अडलंय'. मग मंजुरी आल्यावरसुद्धा बराच काळ कोणी फिरकलं नाही. रिकामा मजला जितका महागात पडला त्याहून हे नाव खराब होणं महागात पडलं.

नकाशावरची एक गोष्ट सांगतो, तुम्हालाही लागू पडेल. आमचा कॉरिडॉर जिन्याच्या दारावरून पुढे शेवटच्या गाळ्यापर्यंत जात होता आणि तिथे भिंतीला संपत होता. परत आलेल्या नकाशात त्या टोकाला लाल पेन्सिलने गोल केलेला आणि आत प्रश्नचिन्ह. शेरा काही नाही. त्याचा अर्थ शेवटी अग्निशमनच्याच एका अधिकाऱ्याने जागेवर उभं राहून समजावला. धुरात माणूस भिंत चाचपत चालतो, जिन्याचं दार त्याच्या हाताला लागत नाही, तो पुढे जातो, टोकाला भिंत लागते, आणि मागे फिरायला त्याच्याकडे श्वास उरत नाही. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये असं बंद टोक साधारण २० फुटांपर्यंतच चालतं, पूर्ण इमारतीत स्प्रिंकलर (आगीत आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा) असलेल्या ऑफिसात ५० फुटांपर्यंत. तुमच्याकडचा आकडा विचारून घ्या. आमचा उपाय साधा निघाला. शेवटच्या गाळ्याचं दार जिन्याजवळ आणलं आणि कॉरिडॉरचं उरलेलं टोक त्या गाळ्यातच घेतलं. मूठभर विटा हलल्या आणि भाड्याची जागाही थोडी वाढली. हे पहिल्याच पत्रात लिहिलं असतं तर!

मी आता काय करायला सांगेन ते ऐका. भाडेकरू शोधण्याआधी, जाहिरात टाकण्याआधी, एकाच मजल्याचा नकाशा मार्गी लावा. नकाशात कॉरिडॉर, जिन्याची दारं, स्वच्छतागृहं, विजेचा आणि पाण्याचा डक्ट (वायरी-पाइप वरखाली नेणारी उभी पोकळी) हा कणा पक्का दाखवा. मग त्या कण्याभोवती तीन पर्याय एकाच अर्जात काढून द्या: सहा गाळे, चार गाळे, आणि पुन्हा एकच भाडेकरू. तिन्ही एकदम मंजूर झाले तर पुढे कोणी शेजारचा गाळा जोडून मागितला की परत त्या दारात जावं लागत नाही. आमचं गाडं इथेच रुळावर आलं. दुसरं, दोन्ही विभागांना एकाच दिवशी जागेवर बोलवा, आणि बोलणं झालं की त्याच संध्याकाळी 'आज असं ठरलं' असं पत्र देऊन पोच घ्या. त्यांनी उत्तर दिलं नाही तरी तुमच्याकडे कागद राहतो.

भाडं कमी करायचं का, असं विचारलंय. छोट्या तयार गाळ्यांना प्रति चौरस फूट भाडं उलट थोडं जास्त मिळतं, कारण त्यात पार्टिशन, दिवे, नेट आलं. पण कॉरिडॉरमध्ये मजल्याचा बराच भाग जातो, हे गणितात धरा. मोठे मालक भाड्याचा दर खाली का आणत नाहीत आणि सुरुवातीचे महिने फुकट का देतात, याचं कारण कर्जात असतं. इमारतीची किंमत भाड्याच्या दरावरून ठरते. दर उतरला की किंमत उतरते आणि बँक दार ठोठावते. फुकट महिने दिले तर कागदावरचा दर तसाच राहतो. तुमच्यावर कर्ज नसेल तर तुम्हाला ही कसरत करायची गरज नाही. सरळ दर कमी करा आणि माणसं आत आणा.

अगदीच कोणी येत नसेल तर तात्पुरत्या वापराचा विचार करा. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये मुख्य रस्ता ओस पडला होता, तेव्हा मार्कस वेस्टबरी यांनी २००८ मध्ये रिन्यू न्यूकॅसल सुरू केलं. मालकांकडून रिकाम्या जागा भाडेपट्ट्याने न घेता, ३० दिवसांच्या नोटिशीवर सोडता येतील अशा परवान्याने घेतल्या आणि कारागीर, कलाकार, छोटी दुकानं यांना वापरायला दिल्या. मालकाला भीती असते ती कब्जा जाण्याची. ती या कागदाने गेली. आमच्याकडे मी एक मजला असाच एका नाटकाच्या गटाला तालमीसाठी दिला होता. भाडं नाममात्र, पण संध्याकाळी खिडक्यांत दिवे दिसायला लागले आणि विचारणा वाढल्या. फक्त वकिलाकडून कागद नीट करून घ्या, कारण परवाना आणि भाडेपट्टा यातला फरक कोर्टात नावावरून ठरत नाही, प्रत्यक्ष वापरावरून ठरतो.

विम्याची पॉलिसी आजच काढून वाचा. अमेरिकेत प्रचलित असलेल्या प्रमाण पॉलिसीत इमारतीची ३१ टक्क्यांपेक्षा कमी जागा वापरात असेल आणि सलग ६० दिवसांहून जास्त तशीच राहिली, तर चोरी, तोडफोड आणि पाणीगळतीची नुकसानभरपाई मिळत नाही. तुमच्या पॉलिसीत असं कलम आहे का ते बघा. चार मजले रिकामे झाले हे कंपनीला कळवणं तुमच्यावर बंधनकारक असू शकतं.

आणि एक बारकी गोष्ट. रिकाम्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात नहाणी ट्रॅपमधलं (जाळीखाली वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या भागातलं) पाणी सुकतं आणि गटाराचा वास मजलाभर पसरतो. जागा बघायला आलेला माणूस तोंडाने काही बोलत नाही, पण परत येत नाही. दर आठवड्याला प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतायला आणि सगळे नळ काही मिनिटं सोडून ठेवायला माणूस नेमा. साचलेल्या पाइपात जंतूही वाढतात, तेही त्याने टळतं.

भाच्याला रागावू नका, घरांची कल्पना वेडी नाही. ५५ ब्रॉड स्ट्रीटमध्येही अलीकडे घरंच झाली. पण ऑफिसचा मजला खोल असतो, मधल्या भागाला खिडकी मिळत नाही, आणि प्रत्येक घराला स्वतंत्र पाणी व सांडपाणी लागतं, जे आज एकाच डक्टमध्ये आहे. कॅनडातल्या कॅलगरी शहराने २०२१ मध्ये असे बदल करणाऱ्या मालकांना दर चौरस फुटाला ७५ कॅनेडियन डॉलर द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे इमारती पुढे आल्या. सरकारी मदतीशिवाय हे गणित क्वचित जुळतं. खिडकीपासून गाभ्याच्या (मधल्या लिफ्ट-जिन्याच्या भागाच्या) भिंतीपर्यंतचं अंतर मोजून आर्किटेक्टला विचारा. ते फार असेल तर विषय तिथेच संपतो.

एटीएमबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. रस्त्याकडची मुख्य जागा देऊ नका. एटीएमचं भाडं वेळेवर येतं हे खरं, पण वरच्या सहा मजल्यांच्या माणसांचं दार तुम्ही काचेच्या बंद पेटीला देताय. बाजूचा कोपरा असेल तर तो द्या. दर्शनी जागेत अशी गोष्ट हवी जिथे दिवसभर माणसं आत-बाहेर करतील, भाडं थोडं कमी आलं तरी चालेल. वरच्या गाळ्यांचे भाडेकरू इमारत बघायला येतात तेव्हा लिफ्टच्या आधी त्यांना तळमजला दिसतो.

तिसऱ्या मजल्याचा जुना मंजूर नकाशा सापडला तर जिने कुठे आहेत आणि दोन जिन्यांमधलं अंतर किती आहे तेवढं इथे लिहा. कॉरिडॉर कुठून नेता येईल ते बघून सांगतो.